गाणी ढिगाने मिळतात; कामाचं गाणं शोधायचं आणि वाजवायचं कसं?

लग्नसराई आणि जयंत्यांचा हंगाम जवळ आला की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या डीजेचालक वाचकांचे ठरलेले प्रश्न यायला लागतात. ३२०चं गाणं घेतलं तरी मोठ्या साउंडवर ते चिरकतं, असं का? वधूच्या आजोबांनी एक जुनं भीमगीत सांगितलं, नेटवर त्याचे कितीतरी अवतार आहेत, त्यातलं मूळ कोणतं? अ‍ॅपवरूनच वाजवलं तर चालेल का? लग्नात वाजवायला लायसन लागतं का?

या सगळ्याचं मूळ एकच आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आपल्याकडे कॅसेटचं राज्य होतं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत नॅपस्टर सुरू झालं आणि गाण्याची फाइल फुकट हातोहात जायला लागली. आपल्याकडे ती लाट आधी सीडीतून, मग मोबाइलच्या दुकानात ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ या पाटीतून आली. २०१६च्या एप्रिलमध्ये ‘सैराट’ आला, सप्टेंबरमध्ये जिओ आलं, आणि त्यानंतर गाण्यासाठी दुकानात जायची गरजच उरली नाही. या प्रवासात एक गोष्ट मात्र गळून पडली: कॅसेटच्या आतला कागद. त्यावर गायक, गीतकार, संगीतकार, कंपनी, साल असं सगळं असायचं. आज तुमच्या पेनड्राइव्हमध्ये हजारो गाणी असतील. त्यातली किती कोणी गायली आहेत हे तुम्हाला सांगता येईल? हरवलेला तो कागद प्रत्येक गाण्याला परत जोडायचा, हेच या लेखातल्या बहुतेक सूचनांचं सार आहे.

गाणं कुठून घ्यावं

पसंतीच्या क्रमानं सांगतो.

- थेट बनवणाऱ्याकडून. आपल्या भागातली गोरमाटी गाणी, नव्या पिढीची भीमगीतं, अण्णा भाऊंवरची गाणी, संबळ आणि हलगीचे ट्रॅक ही बहुतेक गायक-निर्माते स्वतःच यूट्यूबवर टाकतात. व्हिडिओखालच्या मजकुरात अनेकदा संपर्क दिलेला असतो. फोन करा, मूळ वेव्ह फाइल मागा, त्याचे पैसे द्या आणि वाजवायची परवानगी मेसेजवर लेखी घ्या. छोट्या कलावंताला हे पैसे फार मोलाचे असतात, आणि तुम्हाला जी फाइल मिळते तिच्या दर्जाची फाइल दुसऱ्या कुठल्याही वाटेनं मिळत नाही.
- विकत. अ‍ॅपलचं आयट्यून्स स्टोअर भारतात २०१२ पासून आहे. तिथली गाणी २५६ केबीपीएस दर्जाची आणि कुलूप नसलेली असतात. स्वतंत्र कलावंतांसाठी बँडकँप, हाउस-टेक्नोसाठी बीटपोर्ट. दोन्हीकडे वेव्ह फाइल मिळू शकते.
- जुन्या सीडी. घरात, नातेवाइकांकडे, बंद पडलेल्या दुकानांत अजून सापडतात. मूळ कंपनीची सीडी असेल तर आवाज अस्सल. एमपी-थ्री सीडी असेल तर ती तुमच्या पेनड्राइव्हपेक्षा चांगली असेलच असं नाही.
- रिमिक्सच्या साइट आणि टेलिग्राम ग्रुप. इथे सर्वात जास्त जपा. गाणं म्हणून आलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके किंवा ईएक्सई असेल तर ती उघडू नका. ते गाणं नसतं; फोनमधले ओटीपी आणि बँकेचे मेसेज त्यातून पळवले जातात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर तक्रार करा.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी गाणं पाठवणार असेल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. व्हिडिओ म्हणून आलेलं गाणं वाटेत दाबलं गेलेलं असतं.

३२० लिहिलंय म्हणून ३२० नसतं

सर्वात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एमपी-थ्री करताना गाण्यातला काही आवाज कायमचा टाकून दिला जातो. १२८ केबीपीएसच्या फाइलमध्ये साधारण १६ हजार हर्ट्झच्या वरचा भाग कापलेला असतो. ३२०मध्ये तो २० हजारांच्या आसपासपर्यंत टिकतो. आता कुणी १२८ची फाइल घेतली आणि कन्व्हर्टरमधून ३२० करून साइटवर चढवली, तर फाइल फुगते, पण गेलेला आवाज परत येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर दोन्ही सारख्याच वाटतात. चार टॉप आणि आठ बेस लावले की झांज फाटते, गायकाचा ‘स’ टोचतो आणि बेस पसरट होतो. मग ऑपरेटर ट्रेबल वाढवतो आणि दुखणं आणखी वाढतं.

तपासायचं असं:

१. आधी आकार बघा. खरं ३२०चं गाणं मिनिटाला सुमारे २.४ एमबी घेतं. म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीच्या आसपास. ते पाच एमबीचंच असेल तर ते १२८चं आहे, नाव काहीही असो. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी घेते.

२. मग चित्र बघा. ‘स्पेक’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या आणि गाणं त्यात ओढून टाका. रंगीत आलेख १६ हजारांवर विळ्यानं कापल्यासारखा सपाट थांबला आणि फाइल मात्र ३२०ची म्हणत असेल, तर ती फुगवलेली आहे.

३. शेवटी कान. चांगले हेडफोन लावा आणि झांज, टाळ, टाळ्या यांच्याकडे लक्ष द्या. कमी दर्जाच्या फाइलमध्ये त्या सळसळतात, त्यांची टोकं ऐकू येत नाहीत.

एक खबरदारी घ्या. ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटवरून आलेल्या गाण्यात वरचा आवाज मुळातच कमी असतो. तिथे आलेख खाली थांबला म्हणून फाइल टाकून देऊ नका. दुसरी प्रत मिळते का ते बघा, आणि जी ऐकायला स्वच्छ ती ठेवा.

यूट्यूबवरून उतरवलेल्या गाण्याबद्दल अनेक जण विचारतात. यूट्यूबच्या अटींत ते बसत नाही, आणि आवाजही आधीच दाबलेला असतो. त्याचं पुन्हा एमपी-थ्री केलं की दुसऱ्यांदा कापला जातो. यूट्यूब गाणं शोधण्यासाठी वापरा, साठा भरण्यासाठी नको.

सापडतच नसलेलं गाणं

शझामसारखी अ‍ॅप कंपन्यांनी नोंदवलेल्या मूळ ध्वनिमुद्रणाशी आवाज जुळवतात. वेग बदललेलं, वर हलगी चढवलेलं, मध्ये डायलॉग घातलेलं गाणं त्यांना बऱ्याचदा ओळखता येत नाही. गावच्या गायन पार्टीनं जिल्ह्याच्या ठिकाणी रेकॉर्ड केलेली कॅसेट तर त्यांच्या यादीतच नसते. अशा वेळी:

- रिमिक्समधला जो भाग कमीत कमी बदललेला असेल, बहुधा सुरुवातीचा आलाप किंवा अंतरा, तेवढाच अ‍ॅपला ऐकवा. वेग वाढवलेला वाटला तर सॉफ्टवेअरमध्ये तो उतरवून मग ऐकवा.
- गूगलच्या अ‍ॅपमध्ये गुणगुणून शोधायची सोय २०२० पासून आहे. चाल आठवते आणि शब्द आठवत नाहीत, तेव्हा ती उपयोगी पडते.
- ध्रुवपदाऐवजी अंतऱ्यातले दोन-तीन शब्द टाका. एकाच ध्रुवपदाची अनेक गाणी असतात, अंतरा वेगळा असतो.
- एकच शब्द इंग्रजी अक्षरांत वेगवेगळा लिहिला जातो. देवनागरीत शोधा, मग इंग्रजी अक्षरांतली दोन-तीन स्पेलिंगं करून बघा.
- गायकाच्या नावावर थांबू नका. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे ही नावं हजारो चुकीच्या फाइलींना चिकटवलेली आहेत. गीतकार माहीत असेल, उदाहरणार्थ वामनदादा कर्डक, तर गीतकार आणि विषय असं जोडून शोधा. मग कंपनीच्या अधिकृत चॅनेलवर तेच गाणं आहे का ते ताडून बघा.

आणि माणसांना विचारा. भजनी मंडळातले जुने गायक, जयंतीला वर्षानुवर्षं गाणारे शाहीर, तांड्यावरच्या गाणाऱ्या बाया यांच्या स्मरणात ज्या गोष्टी आहेत त्या कुठल्याही सर्व्हरवर नाहीत. नर्सीला नामदेवांचे अभंग गाणाऱ्यांना एका चालीबद्दल विचारलं, तर तीच चाल आणखी कुणी गायली हेही कळतं. हिंगोलीचा डीजे पुण्याच्या डीजेपेक्षा इथेच वेगळा ठरू शकतो. ‘झिंगाट’ सगळ्यांकडे आहे. कळमनुरीच्या मांडवात वाजवायचं गोरमाटी गाणं शोधून आणणारा एखादाच असतो.

घरातली कॅसेट लॅपटॉपवर घेताना

कॅसेट सापडली तर लगेच लावून बघायची घाई करू नका. ओल लागलेली, बुरशी धरलेली टेप यंत्रात अडकून तुटते. आधी हातानं दोन्ही चाकं मोकळी फिरतात का बघा, आतली स्पंजची पट्टी जागेवर आहे का बघा. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

प्लेअरच्या लाइन-आउटमधून वायर थेट ऑडिओ इंटरफेसला किंवा लॅपटॉपच्या लाइन-इनला लावा. स्पीकरसमोर मोबाइल धरून रेकॉर्ड करू नका. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, वेव्ह, आणि पातळी लाल रेषेच्या बरीच खाली. आख्खी बाजू एका दमात घ्या, गाणी नंतर वेगळी करा. खरखर काढणारं फिल्टर हलक्या हातानं वापरा. जास्त ओढलं की ढोलकीची थापच मरते. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं जपून ठेवा आणि सगळी कापाकापी त्याच्या नकलेवर करा. कॅसेटच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

स्वतःपुरती अशी प्रत करणं वेगळं आणि तिचे पेनड्राइव्ह विकणं वेगळं. त्याबद्दल पुढे सांगतो.

सिंक बटण दगा कुठे देतं

नव्या चित्रपटगीतांचा ठेका संगणकावर बसवलेला असतो, त्यामुळे बीपीएम स्थिर राहतो. जुन्या भीमगीतांत आणि गोंधळगीतांत ढोलकी, ढोलक, संबळ हे माणसानं हातानं वाजवलेलं असतं. गाणं रंगात आलं की लय चढते. सॉफ्टवेअर सुरुवातीच्या लयीवर रेघा मारतं आणि दोन कडव्यांनंतर त्या रेघा ठेक्यापासून सुटतात. शिवाय ही सॉफ्टवेअरं मुळात चारच्या गणितावर बनलेली आहेत. सहा मात्रांच्या दादऱ्यात त्यांची सम चुकते, आणि कधी वेग निम्मा किंवा दुप्पट दाखवतात.

अशा गाण्याला सिंक बंद ठेवा. समेवर हातानं क्यू लावा. जोडणी गाण्याच्या मध्यात करू नका. आधीच्या गाण्यातला हलगीचा छोटा तुकडा लूपवर धरा आणि नवं गाणं समेवर मोकळं सोडा. हे कानानंच जमतं आणि घरी बसून सराव केल्यावरच जमतं.

गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायची सोय आता सेराटो, व्हर्च्युअल डीजे, डीजे-प्रो अशा सॉफ्टवेअरमध्ये आली आहे. नव्या गाण्यांवर ती छान चालते. जुन्या मोनो रेकॉर्डिंगमध्ये आवाजाबरोबर पेटीही ओढली जाते, म्हणून कार्यक्रमाआधी मोठ्या साउंडवर एकदा ऐकून घ्या.

सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं वापरू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३(ब)नुसार जाणूनबुजून असं सॉफ्टवेअर वापरणं हाच गुन्हा आहे, आणि ऐन वरातीत बंद पडणारा लॅपटॉप बऱ्याचदा असाच असतो. मिक्स हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आणि कायदेशीर आहे, सेराटोची लाइट आवृत्तीही फुकट मिळते.

पेनड्राइव्ह असा लावा

- एफएटी-३२ फॉरमॅट. जुने प्लेअर दुसरा फॉरमॅट वाचत नाहीत. फ्लॅक फाइलही बऱ्याच जुन्या यंत्रांवर वाजत नाही.
- फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, कारण अनेक यंत्रांच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. स्पेलिंगची एकच पद्धत ठरवा. आधी गाणं, मग गायक.
- गीतकार, संगीतकार, कंपनी आणि फाइल कुठून घेतली हे एमपी-थ्री टॅगमध्ये भरा. हाच तो हरवलेला कागद.
- फोल्डर प्रसंगावर करा: हळद, परण्या, वरात, भीमजयंती, शिवजयंती, सेवालाल जयंती, गणपती, दसरा. रात्री अंधारात, धुळीत, गर्दीत हेच लवकर सापडतं.
- दुसऱ्याच्या नावाची हाक असलेला रिमिक्स तुमच्या नावावर वाजवू नका. ती हाक कापून वापरणं तर अजिबात नको. ज्यानं रात्री जागून ते बनवलं त्याचं नाव पुसणं आहे ते.
- सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर, वेगळ्या खिशात.

अ‍ॅपवरून थेट वाजवावं का?

नाही. पहिलं कारण नेटवर्क. मिरवणुकीत शेकडो फोन एकाच टॉवरला लटकतात आणि गाणं मध्येच थांबतं. दुसरं कारण करार. स्पॉटिफाय किंवा जिओसावनचं वैयक्तिक खातं स्वतः ऐकण्यासाठी असतं, कार्यक्रमात वाजवण्यासाठी नसतं. तिसरं कारण असं की अ‍ॅपमधलं ‘डाउनलोड’ तुमच्या मालकीचं होत नाही, ते त्या अ‍ॅपमध्येच उघडतं. १ जुलै २०२० रोजी स्पॉटिफायनं डीजे सॉफ्टवेअरना गाणी देणं थांबवलं आणि त्या भरवशावर याद्या बनवलेले जगभरचे डीजे अडकले. आपल्याकडे रेसो आणि विंक म्युझिक ही दोन्ही अ‍ॅप २०२४ मध्ये गेली आणि लोकांच्या प्लेलिस्ट त्यांच्याबरोबर गेल्या. यादी अ‍ॅपवर बनवा, गाणी विकत घ्या.

वाजवणं, विकणं, अपलोड करणं: तीन वेगळे कायदे-प्रश्न

लग्न. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२(१)(झेडए)मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत आणि सरकारी समारंभात गाणी वाजवायला सूट आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक सोहळे त्यात येतात, असं स्पष्टीकरण कायद्यातच लिहिलेलं आहे. केंद्र सरकारच्या संबंधित विभागानं जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून, लग्नाच्या कार्यक्रमांत रॉयल्टी मागणं या कलमाविरुद्ध आहे असं सांगितलं. गोवा सरकारचं अशाच आशयाचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २०२४ मध्ये रद्द केलं, त्यामुळे गोंधळ झाला. पण रद्द झालं ते परिपत्रक, कलम जागेवर आहे. हळद, परण्या, वरात यांत कुणी पैसे मागायला आलं तर घाबरू नका. कोणत्या कलमाखाली, कोणत्या गाण्यांसाठी, कोणाच्या वतीनं हे लेखी मागा.

लग्नाबाहेरचं. वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन, हॉटेलातली पार्टी, तिकिटाचा कार्यक्रम यांना ही सूट नाही. तिथे ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, काही कंपन्यांच्या गाण्यांसाठी नोव्हेक्स, आणि शब्द-चालीसाठी आयपीआरएस यांचा परवाना लागतो. सुपारी घेतानाच परवाना आयोजक काढणार हे कागदावर लिहून घ्या. मंडळाच्या खासगी जयंती कार्यक्रमाला ‘सरकारी समारंभ’ समजू नका. आधी विचारून घ्या.

विकणं. गाणी भरलेलं कार्ड किंवा रिमिक्सचा पेनड्राइव्ह विकणं याला वरची कोणतीही सूट लागू होत नाही. कलम ६३ खाली किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

अपलोड. परवानगीशिवाय बनवलेला रिमिक्स यूट्यूबवर टाकला तर त्याची कमाई मूळ कंपनीकडे वळू शकते किंवा व्हिडिओ उतरवला जातो. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. मेहनत कामी यावी असं वाटत असेल तर स्थानिक गायकाला घेऊन नवं गाणं बनवा आणि हक्क कुणाकडे किती हे आधी लिहून ठेवा.

आवाजाची परवानगी

कॉपीराइटची सूट असली तरी ध्वनिप्रदूषण नियम २००० लागू राहतात. लाउडस्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत राज्य देऊ शकतं. त्या तारखा जिल्ह्यात जाहीर होतात, तेवढ्याच धरा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र. तिथून जाताना आवाज बंद करूनच गाडी न्या. परवानगीची प्रत गाडीत ठेवा.

लग्नघर आणि मंडळांसाठी

डीजे ठरवताना साउंड किती पेट्यांचा एवढंच विचारू नका. गाण्यांची यादी निदान आठवडाभर आधी द्या; नुसतं नाव न देता गायक आणि अधिकृत व्हिडिओची लिंक द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांची एक-दोन गाणी आवर्जून घाला, कारण तीच शोधायला वेळ लागतो. गाडी सुरू झाल्यावर कुणाचा फोन वायरला लावायला देऊ नका. सुपारीच्या पावतीवर वेळ, मार्ग, बंद करायची वेळ, परवाना कोणाचा आणि मोडतोड झाली तर भरपाई कोणाची, एवढं लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.